दाते हजर

उद्धव गिरामला परभणीत सगळे ओळखत होते, पण 'पद्मजाबाईंचे मिस्टर' म्हणून. किराणावाला, पोस्टमन, जिंतूर रोडवरचा पानवाला, सगळे. कार्यालयात तर विचारूच नका. दोघंही एकाच कार्यालयात होते, दोघांचा हुद्दा एकच होता, आणि उद्धव तिच्या दोन वर्षं आधी लागलेला होता. पद्मजाच्या नोकरीचा अर्ज त्यानेच आणला, त्यानेच भरून घेतला, त्यानेच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं तो अलीकडे मनातल्या मनात म्हणायचा, आणि मग तिच्याच हातचा चहा प्यायचा.

कार्यालय होतं पाणीमोजणी प्रकल्पाचं. पिंगळी, पेडगाव, चारठाणा अशी प्रकल्पाची नऊ केंद्रं. प्रत्येक केंद्रावर पाण्याची पातळी मोजणारं एक यंत्र, ते सांभाळणारा एक माणूस आणि परभणीपर्यंत आलेली एक टेलिफोनची लाइन. मोजलेलं पाणी लाइनीवरून परभणीच्या मोठ्या संगणकात जमा व्हायचं. व्हायचं म्हणजे लाइन धड असेल तर. कधी तारेवर बाभळीची फांदी पडायची, कधी तारच कोणी कापून न्यायचं. पाणी किती आहे हे राहू द्या, लाइन जिवंत आहे की मेली हेच आधी कळायचं नाही.

हे कळावं म्हणून उद्धवने एक प्रोग्राम केला होता. त्यातून रोज सकाळी लांबच लांब कागद छापून यायचा आणि लोक त्यावर चहाचे कप ठेवायचे. मग पद्मजाने 'पहारा' केला. पहारा पडद्यावर केंद्राचं नाव विचारायचा. आपण इंग्रजी अक्षरांत नाव टाइप केलं की लाइन चालू आहे की बंद, ते लगेच सांगायचा. बस, एवढंच. पण लोकांना एवढंच हवं होतं, आणि ते नेमकं उद्धवला सुचलं नव्हतं. हे त्याला कुसळासारखं सलत होतं.

त्यात कार्यालयाचे प्रमुख माधवराव उठता-बसता बाईंचं कौतुक करायचे. जानेवारीत औरंगाबादहून मोठे साहेब, दिनकरराव, पहारा बघायला येणार होते. त्यांना आवडला तर तो मराठवाडाभर बसवणार आणि पद्मजाला औरंगाबादला वरच्या जागेवर घेणार, हे जवळजवळ ठरलेलंच होतं. "मिस्टरांची बदली पण करून घेऊ की तुमच्याबरोबर," माधवराव हसत म्हणाले. म्हणजे हा कपड्यांच्या ट्रंकेसारखा तिच्या मागोमाग जाणार. उद्धवही हसला. त्या दिवशी दुपारचा डबा त्याने तसाच परत नेला.

जानेवारी उजाडला, चौऱ्याण्णव साल लागलं, आणि एके दिवशी माणिकरावांनी त्याला नियंत्रण खोलीत बोलावलं. माणिकराव पोलीस वायरलेसमधून निवृत्त होऊन इथे चिकटलेले. दिवसभर पहाऱ्यासमोर बसून केंद्रं तपासायची, हे त्यांचं काम.

"उद्धव साहेब, बाईनं लय भारी चीज केलीय," ते म्हणाले. "लाइनीचं तर सांगतीच, वरून माणसाची हजेरी बी घ्यायलीय."

"हजेरी?"

"बघा तर."

वायरलेसवर असताना माणिकरावांना एक सवय लागली होती. ठाण्याचं नाव लिहायचं, पुढे टिंबाखाली शेपटी असलेला अर्धविराम द्यायचा आणि तिकडे बोलायला कोण बसलंय त्याचं नाव लिहायचं. हाताची सवय पहाऱ्यासमोर बसूनही सुटली नव्हती. त्यांनी एका बोटाने टाइप केलं, 'pedgaon; kharat'. पडद्यावर आलं, पेडगावची लाइन चालू. आणि त्याखाली आणखी एक ओळ आली, 'kharat: not found'.

"नॉट फाऊंड," माणिकराव म्हणाले. "खरात जाग्यावर न्हाई. चारठाण्याचा शेळके बी नॉट फाऊंड. सगळे हरामखोर हायत. म्या माधवराव साहेबांच्या कानावर घातलं, खरातला मेमो बी गेला. आख्ख्या जिल्ह्यात इमानदार माणूस एकच, आपला पिंगळीचा दाते. कवाबी बघा, जाग्यावर."

त्यांनी टाइप केलं, 'pingali; date'. पिंगळीची लाइन चालू, असं आलं. आणि खालच्या ओळीत आला वार, तारीख, महिना आणि तास-मिनिटांसकट वेळ.

"दाते हजर," माणिकराव खूश होऊन म्हणाले. "टाइमासकट."

उद्धवला असं हसू फुटलं की त्याला खुर्ची ओढून बसावं लागलं. दात्यांचं आडनाव इंग्रजीत लिहिलं की 'डेट' होतं, आणि 'डेट' हा संगणकाचा हुकूम होता, आजची तारीख-वेळ सांग असा. बिचारा दाते पिंगळीला झोपला असता तरी पडद्यावर हजरच दिसला असता. आणि बिचारा खरात टेबलाशी बसून होता तरी त्याला मेमो, कारण 'खरात' नावाचा हुकूम संगणकाला सापडत नव्हता. उद्धवने डोळे पुसले. आणि मग त्याचं हसू एकदम थांबलं.

हुकूम? पण आपण तर केंद्राचं नाव सांगत होतो. संगणकाने त्यातला हुकूम मानलाच कसा?

माणिकराव पान खायला बाहेर गेले तसा तो त्यांच्या खुर्चीवर बसला. पहारा काय करतो ते त्याला ठाऊक होतं. लाइन तपासायचा एक हुकूम पहाऱ्याकडे तयार होता. माणसाने टाइप केलेलं नाव तो त्या हुकमाच्या शेवटी चिकटवायचा आणि ती सगळी ओळ युनिक्सच्या हवाली करायचा. युनिक्स म्हणजे संगणकाचा कारभारी. तो ती ओळ वाचून काम करायचा. आणि कारभाऱ्याच्या भाषेत अर्धविरामाचा अर्थ होता, हे झालं, आता पुढचा हुकूम घ्या. पद्मजाने नाव न बघता, न तपासता तसंच पुढे ढकललं होतं. नावाच्या मागे लपून कोणीही काहीही सांगावं आणि कारभाऱ्याने मान डोलवावी.

त्याने पेडगावच्या पुढे अर्धविराम देऊन फायलींची नावं दाखवायचा हुकूम टाइप केला. सगळ्या फायली पडद्यावर आल्या. पाच वर्षांच्या पाण्याच्या नोंदी, पगारपत्रकं, सगळं. त्यात भर म्हणजे, लाइनीला हात घालता यावा म्हणून पद्मजाने पहाऱ्याला मालकाचे पूर्ण हक्क दिले होते. म्हणजे फायली नुसत्या दिसतच होत्या असं नाही. एक ओळ टाइप केली असती तर पाच वर्षांचं पाणी एका क्षणात आटलं असतं. आणि हे माणिकरावांच्या खुर्चीवरूनच नाही, कुठल्याही केंद्राच्या टर्मिनलवरून कोणीही करू शकलं असतं.

खरं सांगायचं तर घाम फुटायला हवा होता. पण उद्धवच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कितीतरी महिन्यांनी त्याला छाती भरून श्वास घेतल्यासारखं वाटलं. हुशार बाई! मराठवाडाभर बसवायला निघालेत हिचा पहारा, आणि दाराला कडीच नाही.

उठून चार पावलं चालून पद्मजाच्या टेबलाशी जाऊन सांगायचं, एवढंच काम होतं. तो उठलाही. दारापर्यंत गेल्यावर त्याच्या मनात आलं, आत्ता सांगितलं तर ही तासाभरात दुरुस्त करील. उद्या पहारा आणखी पक्का होईल, आणि माधवराव आणखी कौतुक करतील. खोट सापडली कोणाला, हे कुत्रंसुद्धा विचारणार नाही. तो परत येऊन बसला.

माणिकराव आले तसं त्याने त्यांना सांगितलं, "माणसांची नावं टाकू नका आता. आणि बाईंना यातलं काही बोलू नका. उगीच त्रास होईल त्यांना."

"न्हाई बोलत," माणिकराव म्हणाले. नवरा बायकोला इतका जपतो याचं त्यांना कौतुकच वाटलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी जेवण झाल्यावर पद्मजा पहाऱ्याचे छापील कागद घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली.

"अहो, एकदा बघता का हे? साहेब यायच्या आधी कुणीतरी कडक नजरेनं बघायला पाहिजे."

"मी कशाला? माधवराव आहेत की."

"माधवराव साहेबांना नुसतं कौतुक करता येतंय. खोट काढावी तर तुमीच." ती हसली. "माझ्या भाजीत बी काढता की रोज."

त्याने कागद घेतले. पाच-सहा पानं उलटली. ज्या ओळीत नाव हुकमाला चिकटत होतं ती ओळ त्याच्या डोळ्यांसमोर होती. तिथे त्याचं बोट थांबलंसुद्धा.

"ठीक आहे," तो म्हणाला. "काही नाही यात."

"खरंच?"

"खरंच. बघितलं ना मी."

तिने कागद छातीशी धरले. तिचा चेहरा इतका मोकळा झाला की उद्धवला तिचा राग आला. इतका विश्वास टाकायचा कशाला माणसाने?

आतून त्याची आई, मनकर्णाबाई, मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन आल्या. सुनेचं सगळीकडे नाव व्हायलंय म्हणून त्यांनी आठवड्यातून एकदा तिची दृष्ट काढायचा सपाटा लावला होता. "आल्यागेल्याची, भुताखेताची, जळणाऱ्याची," असं पुटपुटत त्यांनी मूठ तिच्यावरून ओवाळली. उद्धव पेपर उघडून बसला. दोन्ही पानं जाहिरातींची होती, तरी त्याने ती नीट वाचली.

साहेब यायचे त्या आठवड्यात विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न पुन्हा पेटला. औरंगाबादचा रस्ता बंद झाला, एस.टी. आगारातून हलेनात, आणि प्रात्यक्षिक पुढे गेलं. म्हणजे सांगायला आणखी वेळ मिळाला. संक्रांत आली. पद्मजाने त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि "गोड बोला" म्हणून खाली वाकली. त्याने तिळगूळ खाल्ला. तेव्हाही सांगता आलं असतं. पण तोवर त्याच्या मनात सगळा देखावा उभा राहिला होता. भरली खोली, साहेब समोर, आणि आपण उठून म्हणतोय, साहेब, एक मिनिट. त्या देखाव्यापुढे त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं.

महिनाअखेरीस रस्ता सुरू झाला आणि दिनकरराव आले. नियंत्रण खोलीत खुर्च्या मांडल्या. पद्मजा निळ्या इरकलीत. तिने एकेका केंद्राचं नाव टाइप केलं आणि पहाऱ्याने पटापट उत्तरं दिली. चारठाण्याची लाइन बंद निघाली. दिनकररावांनी तिथल्या तिथे फोन लावून बघितला तर खरंच लागेना. ते मान हलवत म्हणाले, "झकास."

"साहेब, एक मिनिट," उद्धव म्हणाला.

तो पद्मजाच्या खुर्चीवर बसला. आदल्या दिवशी त्याने संगणकात एक रिकामी फाईल करून ठेवली होती. ती त्याने सगळ्यांना दाखवली. मग पहारा उघडला, पेडगावचं नाव टाकलं, अर्धविराम दिला आणि पुढे ती फाईल पुसायचा हुकूम टाइप केला. पेडगावची लाइन चालू आहे, असं पहाऱ्याने सांगितलं. फाईल गेली होती.

"ही रिकामी होती, साहेब. पाण्याच्या नोंदी असत्या तर त्याही अशाच गेल्या असत्या. केंद्रावरच्या कोणालाही जमेल." आणि मग त्याने खरात आणि दात्यांची गोष्ट सांगितली. लोक पोट धरून हसले. माधवराव तेवढे हसले नाहीत, कारण खरातच्या मेमोवर सही त्यांची होती.

पद्मजा हसली नाही, रडलीही नाही. ती उभ्या उभ्या पडद्याकडे बघत होती. "नाव तसंच पुढं चाललंय," ती हळूच स्वतःशी म्हणाली. तिला कळायला तेवढा वेळ पुरला.

"वा, गिराम," दिनकरराव म्हणाले. बघा, गिराम! कोणाचेही मिस्टर नाही. "आता यावर उपाय?"

"सोपा आहे साहेब. अर्धविरामच बंद करायचा. दिसला की पहाऱ्याने तिथेच अडवायचं." आणि त्याने लगेच तशी दुरुस्ती करून दाखवली. 'pingali; date' टाइप केलं तर पहारा म्हणाला, चालणार नाही. साहेबांनी मान डोलावली.

"मी बसू का?" पद्मजाने विचारलं.

तो उठला. तिने पिंगळीच्या पुढे अर्धविरामाऐवजी एक उभी रेघ दिली आणि तारखेचा हुकूम टाकला. तारीख आली. मग रेघेऐवजी इंग्रजीतला 'अँड'चा वेटोळा दिला. पुन्हा तारीख आली.

"अर्धविरामासारखी अशी पुष्कळ चिन्हं हायत साहेब," ती म्हणाली. "कुणाकुणाला अडवायचं याची यादी कधी पुरी होत नसती. एखादं राहणारच. त्यापेक्षा आत कोण येऊ शकतं ते ठरवायचं. आपली केंद्रं नऊ. टाइप केलेलं त्या नवांतलं एक असलं तरच पुढं जाईल, न्हाई तर तिथंच थांबेल. दुसरं म्हणजे नाव युनिक्सला वाचायला द्यायचंच नाही. लाइन तपासणाऱ्या प्रोग्रामच्या हातात सरळ द्यायचं. मग त्यात काही का लिहिलेलं असेना, ते नावच राहतं, त्याचा हुकूम होत नाही." ती जरा थांबली. "आणि पहाऱ्याला मालकाचे हक्क दिले ती माझी चूक. लाइन बघण्यापुरते पुरेत."

चहा होईपर्यंत तिने ते सगळं करून ठेवलं. उद्धवने उभं राहून ज्या ज्या खोड्या आठवल्या त्या सांगितल्या, तिने एकेक टाइप करून बघितल्या. एकही आत गेली नाही. उद्धवच्या मनातल्या देखाव्यात हा भाग नव्हता.

तरी दिनकरराव दोघांवरही खूश होते. "पहारा बसवायला बाई येतीलच औरंगाबादला. पण खोट शोधणाऱ्या माणसाचं नावसुद्धा अहवालात यायला पाहिजे. कधी लक्षात आलं हो तुमच्या, गिराम?"

"परवाच, साहेब," उद्धव म्हणाला. "नाहीतर आधीच सांगितलं असतं."

आता माणिकरावांनी गप्प बसायला काय हरकत होती? पण त्यांना वाटलं, साहेबांसमोर आपल्या माणसाचं मोठेपण कमी व्हायलंय.

"परवा कुठलं, साहेब? संक्रांतीच्या बी आधी. म्या दाते दाखिवला तवाच यांनी वळखलं. मला म्हणले बी, बाईला सांगू नका, त्यांला त्रास होईल. लय जपतेत बाईला."

दिनकररावांनी कपात साखर नसतानाही चमचा ढवळला. माधवरावांना वातावरण हलकं करायची घाई झाली. "बाई, अहवालात मिस्टरांचं नाव टाका. उखाण्यात घेतलं तरी चालेल."

एक-दोघं हसले. पद्मजाने अहवालाचा कागद टाइपरायटरवर चढवला आणि नाव टाइप केलं, उद्धव दत्तराव गिराम. एकही अक्षर चुकलं नाही. उद्धव तिच्याकडे बघत होता, ती कागदाकडे बघत होती.

संध्याकाळी दोघं स्कूटरवरून घरी आले. बोलायला सुरुवात कुठून करावी ते उद्धवला वाटभर समजेना. मी सांगणारच होतो, असं म्हणावं तर ती विचारील, मग कागद दाखवले तेव्हा काय झालं होतं? त्याचं उत्तर त्याच्याजवळ होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, रोजच्यासारखा स्वयंपाक केला. उद्धव बाहेरच्या खोलीत बसून होता. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सहा वर्षं रोज या वेळेला आतून 'अहो' अशी हाक यायची, आणि तो दुसऱ्या हाकेला उठायचा. आज तो पहिल्या हाकेलाच उठणार होता.

"उद्धवराव," पद्मजाने आतून हाक मारली, "ताट वाढलंय."

मनकर्णाबाईंच्या हातातली परात खाली आली. "अगं बाई, नवऱ्याचं नाव घेतीस का?"

"ऑफिसातल्या माणसाला नावानंच हाक मारायची असती, आत्याबाई," पद्मजा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. पेडगावची लाइन चालू आहे, हे सांगताना असायचा तसाच आवाज होता.

म्हाताऱ्या बाईंनी काही न समजून मुलाकडे बघितलं. उद्धव पाटावर बसला. पद्मजाने त्याच्या ताटात भाजी वाढली, आणि त्याने त्या दिवशी भाजीला नाव ठेवलं नाही.